उदरस्थ आसंजने : आयुर्वेदीय चिकित्सेचे क्षेत्र आणि तिच्या सीमा

उदरावरील शस्त्रक्रिया यथासांग पार पडावी, जखम भरून यावी, रुग्ण आपल्या कामास लागावा, आणि पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी त्याच्या पोटात अकस्मात कळा येऊन पोट फुगावे, वांत्या व्हाव्यात, मल व वायू दोन्ही अडावेत, हा प्रकार शल्यचिकित्सकांस अपरिचित नाही. अशा रुग्णाचे उदर पुन्हा उघडले असता आतड्यांची वेटोळी परस्परांस अथवा उदराच्या भित्तीस तंतुमय पट्ट्यांनी जखडलेली आढळतात. या पट्ट्यांस प्रस्तुत लेखात ‘आसंजने’ ही संज्ञा योजिली आहे. रुग्णालयात त्यांस ‘अढीजन्स’ म्हणतात, आणि रुग्णाचे नातलग ‘आतडी चिकटली’ एवढ्या दोन शब्दांत तीच गोष्ट सांगतात.

एका शस्त्रक्रियेचा अनुभव घेतलेला मनुष्य दुसरीस भितो, हे स्वाभाविक आहे. तो वैद्याकडे येतो आणि विचारतो, ‘ही चिकट काढ्याने सुटेल काय?’ प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरावर कित्येकदा रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. ‘सुटेल’ असे बेधडक सांगणारा वैद्य रुग्णास घातक विलंबात लोटण्याचा संभव आहे. उलटपक्षी, ‘आयुर्वेदात याविषयी काहीच नाही’ असे म्हणणारा पदवीधर आपल्याच संहितांविषयीचे अज्ञान प्रकट करतो. यास्तव संहिता याविषयी नेमके काय सांगतात, आधुनिक शल्यशास्त्राने कोणती गोष्ट निश्चित केली आहे, आणि या दोहोंच्या आधारे वैद्याने कोठपर्यंत जावे व कोठे थांबावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. व्याधीचे स्वरूप

उदरपोकळीच्या आतील बाजूस आणि आतड्यांच्या बाह्य पृष्ठावर उदरावरणाचा एक अतिशय नाजूक व गुळगुळीत थर असतो. त्याच्या ओलसरपणामुळे आतडी एकमेकांवरून विनासायास सरकत राहतात. शस्त्राचा आघात, शोथ, रक्तस्राव, कोरडेपणा अथवा बाहेरील पदार्थाचा स्पर्श यांमुळे या थरास इजा झाली की त्या ठिकाणी फायब्रिनयुक्त स्राव साचतो आणि शेजारचे पृष्ठभाग तात्पुरते चिकटतात. निरोगी उदरावरणात हे फायब्रिन विरघळविणारी यंत्रणा असते. पहिल्या काही दिवसांत ती यशस्वी झाली तर चिकटलेले भाग सुटतात आणि आठवडा-दहा दिवसांत थर पूर्ववत होतो. आघातामुळे वा जंतुसंसर्गामुळे ती यंत्रणा दुर्बल झाली तर मात्र फायब्रिनच्या जाळीत पेशी शिरतात, कोलॅजनचे तंतू तयार होतात, त्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतूही वाढतात, आणि तात्पुरती चिकट कायमची होते. परिपक्व आसंजन हे अशा रीतीने एक जिवंत ऊतक होय. तोंडाने घेतलेल्या कोणत्याही औषधाने, मग ते कोणत्याही वैद्यकपद्धतीचे असो, असे ऊतक विरघळते हे सिद्ध झालेले नाही.

उदराच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर बहुसंख्य रुग्णांत कमीअधिक आसंजने निर्माण होतात. त्यांपैकी पुष्कळांस जन्मभर काही त्रास होत नाही. तथापि हा प्रश्न लहानही नाही. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली उदर वा कटिर यांची खुली शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेण्यात आला, आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे एक तृतीयांश रुग्णांस आसंजनांशी निश्चित वा संभाव्य संबंध असलेल्या कारणांसाठी पुन्हा रुग्णालयात यावे लागले. या पुनःप्रवेशांपैकी ५·७ टक्के निश्चितपणे आसंजनांमुळे होते. आपल्या देशात आणखी एका कारणाची भर पडते, ते म्हणजे उदराचा क्षय. त्यात शस्त्राचा स्पर्शही न होता आतडी परस्परांत गुंतून चिकटतात. म्हणून पूर्वी शस्त्रक्रिया झाली नाही एवढ्यावरून आसंजन नाही असे अनुमान काढता येत नाही. आणि क्षय असेल तर क्षयाची शास्त्रशुद्ध चिकित्सा हीच प्रधान चिकित्सा ठरते.

पुन्हा शस्त्रक्रिया करून पट्टे कापावेत, तर त्याच शस्त्रक्रियेतून नवी आसंजने निर्माण होतात, हा या व्याधीचा विशेष पेच आहे. केवळ जुनाट पोटदुखीसाठी दुर्बिणीद्वारे आसंजने सोडविण्याचा उपयोग नेदरलंड्समध्ये १०० रुग्णांवर तपासण्यात आला. निम्म्या रुग्णांची आसंजने सोडविली, उरलेल्यांत फक्त दुर्बिणीने पाहणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांच्या वेदना सारख्याच प्रमाणात कमी झाल्या. शस्त्र अपुरे, औषधाने पट्टा विरघळत नाही, आणि रुग्णास तर त्रास आहेच. आयुर्वेदाकडे आशेने पाहिले जाते ते या ठिकाणी.

२. नामाचा प्रश्न

संहितांत ‘आसंजन’ या नावाचा व्याधी नाही. याचे आश्चर्य वाटू नये, आणि लाजही वाटू नये. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे की, एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने संकोच करू नये, कारण सर्वच विकारांस निश्चित नावे नसतात. दोष, अधिष्ठान आणि हेतू जाणून त्याने चिकित्सा करावी. नाव नसलेल्या व्याधीचा विचार करण्याची परवानगीच येथे मिळते. मात्र या परवानगीचा गैरवापरही सुलभ आहे. कोणत्याही नव्या रोगावर एखादे जुने नाव चिकटवून दिले की त्याची चिकित्सा आयती हाती येते, असा समज त्यातून होतो. म्हणून प्रथम वर्णन जुळते की नाही ते पाहिले पाहिजे.

वर्णनाने सर्वांत जवळचा व्याधी म्हणजे बद्धगुदोदर. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेराव्या अध्यायात त्याचे हेतू दिले आहेत. अन्नाबरोबर पोटात गेलेले केस, उदावर्त, अर्श आणि ‘अंत्रसंमूर्च्छन’ यांमुळे मार्ग अडतो, अपानवायू कुपित होऊन अग्नीस मंद करतो, आणि मल, पित्त व कफ यांस रोधून उदर उत्पन्न करतो. यांतील ‘अंत्रसंमूर्च्छन’ हा शब्द विशेष विचारणीय आहे. ‘मूर्च्छ्’ धातूस घट्ट होणे, एकरूप होणे, साकळणे असेही अर्थ आहेत. आतड्यांची गुंतागुंत होऊन ती एकवटणे, असा या पदाचा अर्थ घेतल्यास त्यात पीळ पडणे, एक आतडे दुसऱ्यात शिरणे आणि आतडी चिकटणे या तिन्ही अवस्थांस जागा होते. त्यांपैकी केवळ शेवटचीच अवस्था ग्रंथकारास अभिप्रेत होती असे मात्र म्हणता येत नाही.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सातव्या अध्यायाचे वर्णन अधिक चित्रमय आहे. चिकट अन्न, केस वा खडे यांनी आतडे लिप्त होते. नाल्यात केरकचरा साचावा त्याप्रमाणे मल क्रमाक्रमाने साचत जातो. मल मोठ्या कष्टाने थोडाथोडा बाहेर पडतो. हृदय आणि नाभी यांच्या मध्ये उदर वाढते. आणि रुग्णास मलासारख्या गंधाची वांती होते. आंत्ररोधाचे निदान क्ष-किरणाविना करावयाचे झाले तर आजचा शल्यचिकित्सकही हीच लक्षणे शोधील.

यावरून दोन विधाने काटेकोरपणे करता येतात. आसंजनांमुळे होणारा आंत्ररोध हा बद्धगुदोदराच्या वर्णनात सामावतो. परंतु ज्या आसंजनांमुळे रोध झालेला नाही, केवळ मधूनमधून कळ, आध्मान व मलावरोध असतो, त्या अवस्थेस बद्धगुदोदर म्हणणे अतिव्याप्त होईल. तिचा विचार पुरीषवह स्रोतसातील संग, अपान व समान या वायूंची विगुणता आणि अग्निमांद्य या भाषेत करणे योग्य ठरते. क्वचित उदावर्त, आनाह अथवा शूल या नावांनीही ती ओळखता येईल.

३. शल्यतंत्रातील हाताळणी

आसंजने विरघळविणारे औषध संहितांत शोधणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष बहुधा औषधिकल्पांकडे वळते. तो शल्यतंत्राची पाने वाचत नाही. वस्तुतः याविषयी संहितांचे सर्वांत मौलिक सांगणे त्याच पानांत आहे.

सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात बद्धगुदोदरासाठी उदरपाटन सांगितले आहे. रुग्णास स्नेहन, स्वेदन व अभ्यंग केल्यावर नाभीच्या खाली, रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून उदर छेदावे. चार अंगुळे आतडी बाहेर काढून त्यांचे निरीक्षण करावे. रोध करणारा खडा, केस वा मल काढून टाकावा. नंतर मध व तूप लावून आतडी यथास्थान ठेवावीत आणि बाहेरील व्रण शिवावा. आतड्यास छिद्र पडले असेल तर त्याच्या कडा काळ्या मुंग्यांच्या दंशाने जुळवून मुंग्यांचे धड तोडून टाकावे, असाही विधी आहे. चरकाने या कर्माचे वर्णन केले आहे. परंतु हे कर्म ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले व केले आहे अशा शल्यवेत्त्यांचे आहे, असे तो स्पष्ट म्हणतो. कायचिकित्सेचा आचार्य स्वतःच्या अधिकाराची सीमा स्वतःच आखून देतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याहून अधिक बोधप्रद स्थळ त्याच चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, सद्योव्रणाच्या प्रकरणात आहे. जखमेतून आतडे बाहेर आले असून ते फुटलेले नसेल तर काय करावे, हे तेथे सांगितले आहे. आतड्यास लागलेले गवत, रक्त व धूळ दुधाने धुऊन काढावी. वैद्याने आपली नखे कापलेली असावीत. आतड्यास तूप लावून ते हळूहळू आत सारावे. आणि ते सुकले असेल तर दुधाने भिजवून व तुपाने माखून मगच आत घालावे.

आजच्या शल्यशास्त्रात आसंजने टाळण्याचे जे नियम शिकविले जातात त्यांच्याशी हे नियम ताडून पाहावेत. आतड्यास इजा होऊ नये म्हणून हलका हात ठेवावा. आतडी उघडी असताना ती कोरडी पडू देऊ नयेत. रक्त साचू देऊ नये. आणि बाह्य पदार्थाचा कणही मागे राहू देऊ नये. शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांवरील भुकटीदेखील उदरात आसंजनांस कारण होते, हे ओळखल्यावर अमेरिकेत २०१७ साली भुकटीयुक्त वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी घालण्यात आली. धूळ धुऊन काढण्याचा, नखे कापण्याचा आणि सुकलेले आतडे भिजविण्याचा सुश्रुतोक्त आग्रह याच जातीचा आहे. सुश्रुताच्या काळी आसंजनांची शारीरविकृती ज्ञात होती असा याचा अर्थ नव्हे. ज्या हातांनी हे कर्म वारंवार केले त्या हातांस आतड्याचा नाजूकपणा कळला होता, एवढाच अर्थ घेणे प्रामाणिकपणाचे होईल.

मध आणि तूप लावण्याविषयीही असाच संयम हवा. उंदरांच्या उदरावरणास मुद्दाम इजा करून मध सोडल्यास आसंजने कमी होतात, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले आहे. ही माहिती उत्साहवर्धक आहे. तथापि मूषकाच्या उदरापासून मनुष्याच्या उदरापर्यंतचा मार्ग लांब असून निर्जंतुकतेचा प्रश्न त्या मार्गात आडवा उभा आहे. संशोधनाचा विषय म्हणून तो घ्यावा. व्यवहारात त्याचा उपयोग आज करू नये.

४. निरूहाचा विधी आणि निषेध

आता प्रत्यक्ष चिकित्सेतील सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. ‘वातावर बस्ती’ हे सूत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या जिभेवर असते. आसंजनांच्या रुग्णात वायूचा रोध स्पष्ट दिसतो. म्हणून बस्ती द्यावा, असा विचार सहजच मनात येतो. आणि चिकित्सास्थानाचा तेरावा अध्याय वरवर पाहता या विचारास पाठिंबाही देतो. तेथे बद्धोदरी रुग्णास स्वेदनानंतर गोमूत्र व तीक्ष्ण औषधे, तेल आणि लवण यांनी युक्त असा निरूह, त्याच्या जोडीस अनुवासन, सारक अन्न, तीक्ष्ण विरेचन आणि उदावर्तहर कर्म सांगितले आहे.

परंतु त्याच संहितेच्या सिद्धिस्थानातील दुसरा अध्याय उघडावा. ज्यांस निरूह देऊ नये अशांची लांबलचक यादी तेथे आहे. त्या यादीत बद्धोदर, छिद्रोदर व दकोदर यांनी पीडित रुग्ण आणि आध्मानाने पीडित रुग्ण यांचा स्पष्ट निर्देश आहे. कारणही दिले आहे. अशा रुग्णांत बस्ती पोट अधिकच फुगवून प्राणांचा घात करील.

एकाच ग्रंथात विधी आणि निषेध दोन्ही आढळतात. यांचा मेळ कसा घालावयाचा? आमच्या मते हा विरोध अवस्थाभेदाने सुटतो. मार्ग संकुचित झाला आहे परंतु सर्वथा बंद नाही, मल व वायू थोडेथोडे सरतात, उदर ताणलेले नाही, अशा अवस्थेस उद्देशून चिकित्सास्थानातील विधी असावा. मार्ग पूर्ण बंद होऊन उदर तट्ट फुगले आहे, अशा अवस्थेस सिद्धिस्थानाचा निषेध लागू पडतो. आजच्या परिभाषेत पहिली अवस्था अंशतः रोधाची आणि दुसरी पूर्ण रोधाची. हा अर्थ मान्य नसलेल्या अभ्यासकानेही एक गोष्ट मान्य करावी. प्राचीन वैद्याकडे या दोन अवस्था ओळखण्यास हात, कान आणि डोळे एवढीच साधने होती. आज क्ष-किरण व सी. टी. स्कॅन उपलब्ध आहेत. जेथे संशय आहे तेथे ती साधने न वापरता विधीच्या बाजूने धाडस करणे हे संहितानिष्ठा या नावास पात्र होणार नाही. संशय असेपर्यंत निषेधच पाळावा.

तीक्ष्ण विरेचनासही हाच न्याय लागू होतो. एरंडतेलाचे उदाहरण घ्यावे. त्यापासून आतड्यात सुटणारे रिसिनोलेइक आम्ल ईपी-३ या ग्राहींच्या द्वारे आतड्याच्या स्नायूंचे आकुंचन वाढविते, हे २०१२ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले. मार्ग खुला असताना हा गुण उपकारक ठरतो. मार्ग बंद असताना त्याच आकुंचनाने रोधाच्या वरच्या भागात कळा व ताण वाढतात. औषध तेच, मात्राही तीच. बदलते ती केवळ अवस्था. घरोघरी पोट फुगले की एरंडेल देण्याची जी रीत आहे, ती पूर्वी उदराची शस्त्रक्रिया झालेल्या मनुष्यात का टाळावी, हे यावरून स्पष्ट व्हावे.

काळाच्या बाबतीतही संहितेने सीमा घातली आहे. पंधरा दिवस उलटल्यावर बद्धगुदोदर बहुधा मारक ठरते, असे चरकाचे मत आहे. आजचे माप याहून पुष्कळ आखूड आहे. पट्ट्याच्या फासात आतड्याचा रक्तप्रवाह तुटला तर काही तासांतच ते भाग मृत होऊ लागतात. म्हणून सतत व वाढती वेदना, ताप, नाडीची द्रुत गती, स्पर्श सहन न होणे व पोट कडक होणे, यांपैकी काही दिसताच रुग्णास विनाविलंब शल्यचिकित्सकाच्या स्वाधीन करावे. ही लक्षणे नसतील तर रुग्णास रुग्णालयात ठेवून तोंडाने काही न देणे, नाकातून जठरात नळी घालून साचलेला द्रव काढणे, आणि शिरेतून द्रव व क्षार देणे, असा उपक्रम सामान्यतः ७२ तासांपर्यंत करून पाहतात. क्ष-किरणात दिसणारे विद्राव्य द्रव्य पोटात देऊन ते २४ तासांत मोठ्या आतड्यात पोहोचते की नाही, यावरून शस्त्रक्रियेवाचून रोध सुटेल किंवा कसे याचा अदमास घेता येतो. या उपक्रमाने आसंजनजन्य रोधाचे सुमारे ७० ते ९० टक्के रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. लंघनाचे तत्त्व आयुर्वेदास परकीय नाही. तोंडाने काही न देण्याच्या या उपक्रमात वैद्याने आपले औषध पुढे न करता लंघनाचेच पालन करावे.

५. मधल्या काळातील चिकित्सा

रोधाचा प्रसंग टळला, रुग्ण घरी आला, आणि पुढे काय, हा प्रश्न उरतो. दोन प्रसंगांच्या मधला काळ कित्येकदा वर्षानुवर्षांचा असतो. या काळात मल व वायू नित्य सरत असतात, वजन टिकून असते, पण अधूनमधून आध्मान, कळ व मलावरोध यांचा त्रास होतो. आयुर्वेदीय चिकित्सेचे खरे क्षेत्र हेच होय. येथे तिचे उद्दिष्ट वातानुलोमन व अग्निरक्षण हे असते. पट्टा विरघळविण्याचे वचन तिने देऊ नये.

प्रथम आहार. रोधातून उठलेल्या रुग्णास पेया, विलेपी, मुगाचे यूष अशा क्रमाने अन्नावर आणणे हा संसर्जनक्रमाचा सरळ उपयोग होय. पुढेही अन्न उष्ण, स्निग्ध, लघू आणि थोडथोडे असावे. येथे आपल्या प्रदेशाचा विचार अवश्य केला पाहिजे. आर्वी, आष्टी व कारंजा हे जिल्ह्याचे तालुके संत्र्यांच्या पट्ट्यात मोडतात, आणि हंगामात संत्री सढळपणे खाल्ली जातात. संत्र्याच्या फोडीवरील पापुद्रा व पांढरे धागे न चावता गिळल्यास त्यांचा गोळा होऊन अरुंद झालेल्या आतड्यात अडकू शकतो. जठराची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत अशा घटना वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. संत्रे वर्ज्य करण्याची गरज नाही, रस घ्यावा किंवा फोड सोलून नीट चावून खावी. अंबाडीची जून भाजी, हिवाळ्यातील हुरडा, पेरूच्या बिया, यांविषयीही अशीच सावधगिरी सांगावी. दात नसलेल्या वृद्धास ती विशेष आवश्यक आहे. सुश्रुताने रोधाच्या हेतूंत अन्नाचाच प्रथम उल्लेख केला आहे, हे येथे आठवावे.

औषधांत हिंग्वष्टक चूर्ण हे सौम्य व सुपरिचित. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा वा अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे व हिंग ही त्यातील आठ द्रव्ये असून तुपाबरोबर पहिल्या घासास ते घेण्याचा प्रघात आहे. मलावरोधाची प्रवृत्ती असणाऱ्यास एरंडतेलात परतलेल्या हिरड्याचे चूर्ण, म्हणजे गंधर्वहरीतकी, अल्प मात्रेत देतात. मात्र वर सांगितल्याप्रमाणे वायू नित्य सरत असेल तरच ती द्यावी, आणि कळ वा आध्मान वाढताच थांबवावी. स्नेहबस्तींपैकी मात्राबस्ती, म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर एवढ्या अल्प प्रमाणातील स्नेहाचा बस्ती, हा परिहार व कष्ट कमी असलेला प्रकार असल्याने या काळास अनुरूप आहे. निरूहाचा विचार शल्यचिकित्सकाच्या संमतीवाचून करू नये.

उदरावर तिळाच्या कोमट तेलाचा हलका अभ्यंग व मृदू स्वेदन यांनी पुष्कळ रुग्णांस स्वस्थता वाटते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगात शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू केलेल्या उदरमर्दनाने आसंजने कमी झाल्याचे दिसले. फायब्रिन मऊ असेपर्यंतच त्याचे विलगीकरण संभवते, हे पहिल्या भागातील विवेचनाशी सुसंगत आहे. जुन्या, दृढ झालेल्या पट्ट्यांविषयी यावरून काहीही सिद्ध होत नाही. रोधाचा संशय असताना, आंत्रवृद्धी असताना किंवा व्रण अपक्व असताना उदरमर्दन वर्ज्य होय.

६. संशोधनाची दिशा

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने पहिली सावधगिरी फलाच्या मापनात घ्यावी. रोधाचे दहांपैकी सात-आठ रुग्ण शस्त्रक्रियेवाचून आपोआप सुटतात. अशा वेळी रुग्णालयातील नित्य उपक्रमाच्या जोडीस एखादा काढा दिला आणि रुग्ण बरा झाला, तर श्रेय कोणास द्यावयाचे? तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर या प्रश्नास उत्तर नाही. जुनाट वेदनेचीही तीच गत आहे; नेदरलंड्समधील अभ्यासात केवळ पाहणी झालेल्या रुग्णांनाही आराम पडलाच होता.

दुसरी सावधगिरी निदानाची. साध्या सोनोग्राफीत वा सी. टी. स्कॅनमध्ये पट्टा सहसा प्रत्यक्ष दिसत नाही. म्हणून ‘चिकित्सेनंतरच्या सोनोग्राफीत आसंजने नाहीशी झाली’ हे विधान प्रबंधात येऊ देऊ नये. श्वासाबरोबर आतडी सरकतात किंवा कसे हे चलत् एम. आर. आय. द्वारे पाहता येते. ती सोय असेल तर तिचा उपयोग करावा. अन्यथा मोजता येण्यासारख्या गोष्टींवर भर द्यावा. एका वर्षात रोधाचे प्रसंग किती आले, रुग्णालयात किती दिवस काढावे लागले, पुन्हा शस्त्रक्रिया किती जणांस लागली, वजन किती बदलले, आठवड्यात मलप्रवृत्ती किती वेळा झाली, वेदनेची श्रेणी काय, आणि चिकित्सेमुळे अपाय किती झाले, ही ती मापे होत. शेवटचे माप प्रबंधांतून बहुधा गाळले जाते. वस्तुतः या व्याधीत ते पहिले असावयास हवे.

अशा अभ्यासास वर्धा जिल्हा विशेष अनुकूल आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून कार्य करीत आहे; सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालय व आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे; आणि सालोड (हिरापूर) येथील महात्मा गांधी आयुर्वेद महाविद्यालय सावंगीच्याच अभिमत विद्यापीठाचे अंग आहे. शल्यचिकित्सक आणि वैद्य एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली काही कोसांच्या अंतरात वावरतात, ही स्थिती सर्वत्र आढळत नाही. रोधातून सुटलेला रुग्ण घरी जाताना शल्यविभागाने त्याची नोंद आयुर्वेद विभागास द्यावी, आणि वैद्याने धोक्याची लक्षणे दिसताच त्यास परत पाठवावे, एवढी साधी व्यवस्था झाली तरी वर सांगितलेले मापन शक्य होईल. आष्टी वा कारंज्यासारख्या दूरच्या तालुक्यातील रुग्णास तर कोणत्या लक्षणावर घर सोडून निघावयाचे, हे लिहून दिलेला एक कागद कित्येक औषधांहून अधिक उपयोगी पडेल.

ज्यांच्या नावाने यांतील दोन संस्था चालतात, त्या गांधीजींच्या आयुष्यातील दोन प्रसंग येथे लक्षात घेण्यासारखे आहेत. १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये रुग्णालयांवर त्यांनी कठोर टीका केली होती. तरीही येरवड्याच्या कारावासात आंत्रपुच्छाचा विकार बळावला, तेव्हा १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांनी उदराची शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे मे १९२५ मध्ये कलकत्त्याच्या अष्टांग आयुर्वेद विद्यालयाच्या कोनशिलेच्या प्रसंगी त्यांनी वैद्यांस उद्देशून परखड भाषण केले. आयुर्वेदाच्या अनुयायांत नम्रता व संशोधनवृत्ती यांची उणीव दिसते, असा त्यांचा आक्षेप होता. पद्धतीविषयी मत काहीही असो, अवस्था शस्त्रसाध्य झाली की शस्त्र स्वीकारावे, आणि आपल्या शास्त्राविषयी आदर असेल तर त्याची परीक्षा करावी, असा या दोन प्रसंगांचा बोध आहे.

‘काढ्याने चिकट सुटेल काय?’ या प्रश्नास आता उत्तर देता येते. दृढ झालेला पट्टा काढ्याने सुटत नाही. पट्टा होऊ नये म्हणून शल्यवेत्त्याच्या हाताने काय करावे, हे सुश्रुताने सांगितले आहे. पट्टा असूनही वायू व अग्नी यांचा मार्ग सुगम राहावा म्हणून आहार व मृदू उपचार वैद्याच्या हाती आहेत. आणि मार्ग बंद झाला असता बस्ती देऊ नये, हे चरकानेच बजावले आहे. या चार वाक्यांच्या आत राहून जो वैद्य रुग्णास उत्तर देईल त्याचे उत्तर रुग्णाच्या अपेक्षेहून थोडे असेल, परंतु ते त्याच्या जिवास अपाय करणार नाही.